साठ किलोमीटरचा आकडा: प्लग-इन हायब्रिडबरोबर तीन वर्षं

गाडी घेतली तेव्हा माहितीपत्रकावर दोन आकडे मोठ्या टाइपात छापलेले होते. एका चार्जमध्ये विजेवर ६० किलोमीटर आणि एका लिटर पेट्रोलमध्ये ८३ किलोमीटर. मी बावीस वर्षं इंजिन कॅलिब्रेशनचं, म्हणजे चाचण्या घेत इंजिनाचं सॉफ्टवेअर जुळवायचं काम केलं आहे. असे आकडे कुठल्या चाचणीतून आणि कुठल्या सूत्रातून येतात हे मला माहीत होतं. तरी गाडी घेतली आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवली. भरलेलं प्रत्येक लिटर, लावलेला प्रत्येक चार्ज तिच्यात आहे. २०२३ च्या सुरुवातीपासून आजवर ५८,२०० किलोमीटर झाले आणि १,९२६ लिटर पेट्रोल लागलं. लिटरला ३० किलोमीटर पडले.

हे परीक्षण त्या गाडीचं आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण त्या वर्षीच्या बहुतेक प्लग-इन हायब्रिड, म्हणजे प्लग लावून चार्ज होणाऱ्या आणि पेट्रोलवरही चालणाऱ्या गाड्यांची मांडणी जवळपास हीच होती. पुढे दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये एक मोटर, मागच्या सीटखाली १३ किलोवॉट-अवरची, म्हणजे साध्या भाषेत १३ युनिटांची बॅटरी. त्यातली साडेदहा युनिटं वापरता येतात. रात्री प्लग लावला की साडेतीन तासांत भरते. फास्ट चार्जिंग नाही. याच मॉडेलच्या साध्या पेट्रोल गाडीपेक्षा ती ३१० किलोंनी जड आहे, डिकी लहान आहे आणि पेट्रोलची टाकी ५५ ऐवजी ४५ लिटरची आहे.

चालवायला ती छान आहे. विजेवर असताना शांत, सिग्नलवरून निघताना चपळ, वळणावर मात्र मागचं वजन जाणवतं. सीट चांगल्या आहेत, स्क्रीन ठीक आहे. त्याबद्दल इतर लोक लिहितातच, मी थांबते.

मला लिहायचं आहे ते त्या ६० या आकड्याबद्दल. ५५ का नाही, ७० का नाही? तेवढीच बॅटरी का? ग्राहकांना विचारून, रोजचा प्रवास मोजून कुणीतरी ही बॅटरी ठरवली असेल असं वाटतं. प्रत्यक्षात असा आकडा ठरतो तो नियमांचे तक्ते समोर ठेवून. जर्मनीत कंपनीनं कर्मचाऱ्याला दिलेल्या गाडीवर कर लागतो. प्लग-इन हायब्रिडला त्यात निम्मी सवलत मिळते, पण अट असते: किलोमीटरला ५० ग्रॅमच्या आत कार्बन डायऑक्साइड किंवा विजेवरचा किमान पल्ला. २०२२ पासून तो पल्ला ४० वरून ६० किलोमीटर झाला. २०२५ पासून ८०. चीनमध्ये खरेदीकरातली सवलत मिळायला २०२६ पासून १०० किलोमीटर लागतात, आधी त्यांच्या आजच्या चाचणीप्रमाणे ४३ पुरत होते. कॅलिफोर्नियानं २०२६ च्या मॉडेलपासून ५० मैलांची अट लिहून ठेवली. म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी कुठेतरी एक पायरी वर सरकते आणि बॅटरी त्या पायरीच्या जेमतेम वर बसवली जाते. माझी गाडी ६० च्या पायरीची आहे.

रस्त्यावर मला ६० कधीच मिळाले नाहीत. उबदार दिवसांत ४४, थंडीत हीटर लावला की ३१, हायवेवर ३६. माझं ऑफिस १९ किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन ३८. वर्षातले बरेच महिने हे अंतर पुरेपूर बसतं, थंडीत शेवटचे काही किलोमीटर इंजिन लागतं. नशीब चांगलं की माझा रोजचा रस्ता एवढाच आहे.

दुसरा आकडा, लिटरला ८३, हा जास्त समजून घेण्यासारखा आहे. चाचणीत गाडी दोनदा मोजतात. एकदा बॅटरी भरलेली असताना, एकदा ती संपल्यावर फक्त इंजिनाच्या जोरावर. मग दोन्हींची सरासरी काढायची, पण किती भाग विजेचा धरायचा? त्यासाठी युरोपच्या नियमात आलेखावरचा एक वक्र आहे. विजेवरचा पल्ला सांगा, तो वक्र सांगतो की लोक किती टक्के अंतर विजेवर चालवत असतील. जुन्या वक्राप्रमाणे ६० किलोमीटर पल्ल्याची गाडी ८० टक्क्यांहून जास्त अंतर विजेवर चालते असं धरलं जाई. त्यामुळे बॅटरी संपल्यावर किलोमीटरला १४५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडणारी माझी गाडी कागदावर २८ ग्रॅमची झाली.

हा वक्र लोक रोज रात्री प्लग लावतील असं धरून चालला होता. २०२४ साली युरोपियन कमिशननं गाड्यांच्या आतल्या इंधनमापकांतून आलेली माहिती छापली. प्लग-इन हायब्रिडचं रस्त्यावरचं उत्सर्जन चाचणीतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. माझ्या वहीतली तफावत पावणेतीन पट आहे, आणि मी तर नेमानं चार्ज करणारी बाई. घेतल्यावर पहिले चार महिने पार्किंगमध्ये प्लग नव्हता. तेव्हा लिटरला १४ च मिळत होते, साध्या पेट्रोल गाडीपेक्षा कमी, कारण ३१० किलो फुकट वाहून नेत होते. शोरूममधल्या मुलानं मला सांगितलं होतं, "मॅडम, चार्ज नाही केलीत तरी काही बिघडत नाही, पेट्रोलवर चालतेच." गाडीचं बिघडत नाही हे खरं. पण ती ज्या कारणासाठी बनली ते कारण मात्र उरत नाही, आणि ही गोष्ट विकणाऱ्यानं समोरच्याला सांगितली पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आता कंपनीच्या बाजूनं हाच हिशेब पाहा. युरोपात प्रत्येक कंपनीला वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी कार्बन डायऑक्साइडचं उद्दिष्ट असतं. ते ओलांडलं की प्रत्येक गाडीमागे, प्रत्येक ग्रॅमला ९५ युरो दंड. दहा लाख गाड्या विकणारी कंपनी एका ग्रॅमनं चुकली तर साडेनऊ कोटी युरो. माझ्या मॉडेलची साधी पेट्रोल गाडी १४० ग्रॅमची आहे आणि माझी २८ ची. फरक ११२ ग्रॅम. उद्दिष्टाच्या वर असलेल्या कंपनीनं एका पेट्रोल गाडीऐवजी माझ्यासारखी एक विकली तर तिचा १०,६४० युरोंचा दंड टळतो. जादा बॅटरी, मोटर, इन्व्हर्टर, सगळ्याचा खर्च यातून निघतो. मला ही गाडी मिळाली याचं मोठं कारण हे गणित आहे.

आणि हे गणित आता मोडलं आहे. २०२५ पासून नव्या मॉडेलांना आणि २०२६ पासून सगळ्याच नव्या गाड्यांना दुसरा वक्र लागू झाला. त्यात ६० किलोमीटरच्या गाडीचं साधारण निम्मंच अंतर विजेचं धरलं जातं. २०२७-२८ मध्ये आणखी एक वक्र येतो आहे, त्यात एक तृतीयांशाच्या आसपास. मी वहीच्या शेवटच्या पानावर मांडून पाहिलं. हीच गाडी पहिल्या बदलानंतर सत्तर ग्रॅमच्या जवळ जाते आणि दुसऱ्यानंतर शंभराच्या जवळ. एक बोल्टही बदललेला नाही, तरी दोन्ही बदलांनंतर कंपनीच्या दृष्टीनं तिची किंमत निम्म्याहून खाली येते. म्हणून आता त्याच वर्गात वीस-पंचवीस युनिटांची बॅटरी आणि फास्ट चार्जिंग असलेल्या प्लग-इन गाड्या दिसू लागल्या आहेत. तो बदल चांगला आहे, मी त्याचं स्वागत करते. नवे वक्र माझ्या वहीशी जास्त जुळतात. पण माझी गाडी बनवणाऱ्यांनी तिची बॅटरी ठरवली तेव्हा, म्हणजे ती विक्रीला येण्याच्या चार वर्षं आधी, त्यांच्यापुढे जुनाच वक्र होता.

इंजिनाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझा जीव तिथे आहे.

माझे बाबा बऱ्याचदा शेजारी बसतात. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कार्ब्युरेटरच्या गाड्या चालवल्या. दर पाच-सात मिनिटांनी विचारतात, "आत्ता कशावर चाललीय गं?" एकदा हायवेवर ट्रकला ओलांडायला मी पाय जोरात दाबला आणि थंड इंजिन जागं झालं. आवाज मोठा झाला, पण ओढ वाढली नाही. अर्धं मिनिट तसंच गेलं. बाबा म्हणाले, "चोक ओढल्यासारखं वाटतंय." जुन्या गाड्यांत थंड इंजिन चालू करायला चोक ओढावा लागे. अगदी बरोबर ओळखलं त्यांनी.

धुरातले विषारी वायू साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण अडीचशे-तीनशे अंशांना तापला की काम करू लागतो. तोवर इंजिनातून निघालेले वायू जवळपास तसेच बाहेर पडतात. साध्या गाडीत हे तापणं दारातून निघताना, हळू चालताना होऊन जातं. प्लग-इन हायब्रिडमध्ये इंजिन पहिल्यांदा कधी लागेल हे ड्रायव्हरचा पाय ठरवतो, आणि तो बहुतेक वेळा नेमकी जोराची गरज असताना ठरवतो. सगळ्यात वाईट क्षण. म्हणून सॉफ्टवेअर काय करतं, तर इंजिन सुरू करून त्याच्यावर भार येऊ देत नाही, स्पार्क मुद्दाम उशिरा देतं, म्हणजे उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी एग्झॉस्टकडे जाते आणि कन्व्हर्टर लवकर तापतो. तेवढा वेळ गाडी मोटर ओढते. बॅटरी जवळपास संपलेली असेल तर मोटरकडेही फार देण्यासारखं नसतं. ट्रकच्या शेजारी तेच झालं होतं. गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते: ओलांडण्यापूर्वी आधीच इंजिन चालू करून घ्या, त्यासाठी स्पोर्ट मोडचं बटण आहे.

हे वागणं आळशी अभियंत्यांमुळे आलेलं नाही. २०१७ पासून युरोपात गाडीची चाचणी प्रयोगशाळेबाहेर, मागे मोजणी यंत्र बांधून, खऱ्या रस्त्यावर दीड-दोन तास होते. त्याआधीची जुनी चाचणी वीस मिनिटांची होती, अकरा किलोमीटरची, रोलरवर. त्या वीस मिनिटांचा सेकंदन्‌सेकंद आम्हाला पाठ होता. २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण बाहेर आलं, चाचणी ओळखून वागणं बदलणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत निघालं आणि रस्त्यावरच्या चाचणीचा आग्रह वाढला. त्या बदलानं आमचं काम तिपटीनं वाढलं आणि मला त्याचा आनंद होता. रस्त्यावरची हवा स्वच्छ झाली पाहिजे, तक्त्यातली नव्हे.

टाकीचं झाकण उघडायला गेलात तरी तुम्हाला एक नियम भेटेल. बटण दाबायचं आणि थांबायचं, पाच ते पंधरा सेकंद. स्क्रीनवर दाब कमी होतोय असं येतं. ही टाकी बंद आणि दाब सहन करणारी आहे. पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येक गाडीत कोळशाचा एक डबा असतो, वाफ त्यात शोषली जाते आणि इंजिन चालू असताना ती ओढून जाळली जाते. माझं इंजिन कधीकधी दहा-दहा दिवस लागत नाही. मग डबा रिकामा करणार कोण? म्हणून वाफ टाकीतच दाबून ठेवायची. त्यामुळेच टाकी लहान, जड आणि महाग. दोन-चार आठवडे पेट्रोल जळलंच नाही तर गाडी आपणहून इंजिन लावते, जुनं पेट्रोल संपवते आणि तेलात उतरलेलं इंधन उडवून टाकते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा बॅटरी पूर्ण भरलेली होती आणि मी सर्व्हिस सेंटरला तक्रार केली. तिथल्या माणसानं सेन्सर बदलायचा सल्ला दिला. सेन्सरमध्ये काही दोष नव्हता, हे मॅन्युअलच्या मागच्या पानांत लिहिलेलं आहे. ज्यांना रोज ही गाडी दुरुस्त करायची आहे त्यांनाच तिचा स्वभाव शिकवलेला नसेल तर ग्राहकानं कुणाला विचारायचं?

आता थोडं माझ्या कामाबद्दल, कारण या गाडीत जे नाही त्याचीही एक गोष्ट आहे. युरो ७, म्हणजे युरोपातल्या गाड्यांच्या प्रदूषणावरचा पुढचा नियम, त्याची चर्चा सुरू झाली तेव्हा तज्ज्ञांच्या आराखड्यांत नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत आणायचं बोललं जात होतं. पेट्रोल गाड्यांसाठी ती ६० होती. तीसच्या आत राहायचं तर थंड इंजिनाची ती पहिली तीस सेकंदं झाकलीच पाहिजेत. आम्ही विजेनं तापणारा कॅटॅलिस्ट, म्हणजे कन्व्हर्टरचा गाभा घेतला. इंजिन लागण्याआधीच बॅटरीवर तापवायचा. प्लग-इन हायब्रिडला तर तो देवानं दिल्यासारखा, कारण वीज हाताशी असतेच. टेस्ट सेलमध्ये, म्हणजे चाचणीच्या बंद खोलीत, दोन हिवाळे गेले. उणे सात अंशांना सुरुवात करून नळीतून निघणारे आकडे बघताना अंगावर काटा यायचा, इतके ते स्वच्छ होते. मग २०२२ च्या नोव्हेंबरात प्रस्ताव आला तो ६० चा. पुढे कंपन्यांनी आणि काही देशांनी त्यालाही विरोध केला आणि २०२४ मध्ये नियम मंजूर झाला तेव्हा मोटारींच्या धुरासाठी मर्यादा आधीच्या युरो ६ च्याच राहिल्या. सूक्ष्म कणांची मोजणी २३ ऐवजी १० नॅनोमीटरपर्यंत खाली आली, ब्रेकच्या धुळीवर पहिल्यांदाच मर्यादा आली, बॅटरी किती टिकली पाहिजे हेही आलं. पण आमच्या कॅटॅलिस्टची गरज राहिली नाही. प्रकल्प बंद झाला. नमुने खोक्यात गेले. तो भाग या गाडीत असता तर बाबांना चोक आठवला नसता.

मी कुणाला दोष देत नाही. तेव्हा वरिष्ठांचं म्हणणं होतं की २०३५ नंतर इंजिन विकताच येणार नसेल तर त्याच्यावर पैसा का घालायचा, तो बॅटरीत घालू. तोही हिशेब खरा होता. २०२३ मध्ये युरोपनं २०३५ पासून नव्या गाडीचं उत्सर्जन शून्य असं ठरवलं. मतदानाच्या तोंडावर जर्मनीनं कृत्रिम इंधनासाठी फट मागितली. २०२५ मध्ये त्या वर्षाचं उद्दिष्ट तीन वर्षांच्या सरासरीवर मोजायची सूट मिळाली. २०२५ च्या डिसेंबरात कमिशननं शंभर टक्क्यांऐवजी नव्वद टक्के कपातीचा प्रस्ताव ठेवला. अमेरिकेत २०२२ च्या कायद्यानं विजेच्या नव्या गाडीला ७,५०० डॉलरपर्यंत करसवलत दिली, ती २०२५ च्या ३० सप्टेंबरला संपली. २०२५ च्याच कायद्यानं इंधनक्षमतेचे निकष मोडल्याचा दंड शून्य केला.

नवं इंजिन कागदावरून गाडीत यायला चार-पाच वर्षं लागतात. इंजिनाच्या मुख्य सांगाड्याची, ब्लॉकची मशीनिंग लाइन एकदा उभी केली की तिचे पैसे फिटायला दहा-पंधरा वर्षं ती चालवावी लागते. बॅटरीच्या कारखान्याचं तेच. आणि नियम फिरतो दोन-तीन वर्षांत. या अंतरातून जे घडतं ते गेल्या काही वर्षांत सगळ्यांनी पाहिलं. व्होल्वोनं २०२१ मध्ये जाहीर केलं होतं की २०३० पर्यंत फक्त विजेच्या गाड्या विकू, २०२४ च्या सप्टेंबरात ते उद्दिष्ट सोडलं आणि प्लग-इन हायब्रिड धरून ९० ते १०० टक्के असं केलं. मर्सिडीजनं त्याच वर्षी फेब्रुवारीत आपलं उद्दिष्ट मागे घेतलं. होंडानं २०२५ च्या मे महिन्यात विजेच्या गाड्यांवरची गुंतवणूक १० लाख कोटी येनवरून ७ लाख कोटींवर आणली. फोर्डनं डिसेंबरात १९.५ अब्ज डॉलरच्या घरातला फटका हिशेबात धरला आणि आपला विजेचा मोठा पिकअप इंजिन-जनरेटरच्या वाटेनं, म्हणजे इंजिन फक्त वीज बनवेल अशा मांडणीकडे न्यायचं ठरवलं.

मला यातल्या दोन योजना शहाणपणाच्या वाटतात. रेनो आणि चीनच्या जीलीनं आपले इंजिनांचे कारखाने एकत्र करून २०२४ मध्ये हॉर्स पॉवरट्रेन नावाची वेगळी कंपनी काढली, जी कुणालाही इंजिन विकू शकते. इंजिनांची मागणी कमी होत जाणार असेल तर ती सगळ्यांनी मिळून एकाच लाइनवर बनवावीत. आणि टोयोटा, सुबारू, माझ्दा यांनी त्याच वर्षी मे महिन्यात मिळून सांगितलं की प्रत्येक जण नवं इंजिन काढतो आहे, पण मोटर-बॅटरीशी जुळेल असं. टोयोटाला त्याआधी कितीतरी वर्षं विजेच्या गाड्यांत मागे राहिल्याबद्दल ऐकून घ्यावं लागलं. पण मोटर जोडीला असली की इंजिन बहुतेक वेळा एकाच आरामाच्या गतीनं फिरू शकतं, आणि असं इंजिन लहान, स्वस्त आणि खूप कार्यक्षम करता येतं. चीनच्या बीवायडीनं मार्च २०२२ मध्ये नुसत्या पेट्रोलच्या गाड्या बनवणंच थांबवलं आणि २०२४ मध्ये हायब्रिडसाठी ४६ टक्के औष्णिक कार्यक्षमतेचं, म्हणजे इंधनातली तेवढी ऊर्जा कामाला लावणारं इंजिन जाहीर केलं. मी कामाला लागले तेव्हा पस्तीस टक्के मिळाले की पेढे वाटावेत असं वाटायचं.

कडक नियम नकोत असं मला मुळीच म्हणायचं नाही. कन्व्हर्टर गाड्यांत आला तोच नियमामुळे. अमेरिकेचा १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा अशक्य म्हणून हिणवला गेला आणि १९७५ च्या मॉडेलांपासून कन्व्हर्टर रस्त्यावर आले. होंडानं तर सीव्हीसीसी नावाचं कमी धूर सोडणारं इंजिन काढून त्याच्याशिवायच ती मर्यादा गाठली. फरक पडतो तो नियम जागेवर राहतो का याचा. कॅलिफोर्नियानं १९९० मध्ये शून्य उत्सर्जनाच्या गाड्यांची सक्ती केली, जनरल मोटर्सनं १९९६ मध्ये ईव्ही-१ ही विजेची गाडी आणली, नियम सैल होत गेला आणि २००३ मध्ये त्या गाड्या ग्राहकांकडून परत घेऊन बहुतेक चिरडल्या. दुसरीकडे नॉर्वे. १९९० मध्ये विजेच्या गाडीवरचा खरेदीकर काढला, २००१ मध्ये व्हॅट काढला आणि वर्षानुवर्षं ते तसंच ठेवलं. २०२४ मध्ये तिथल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के पूर्ण विजेच्या होत्या. पेट्रोलवर बंदीचा कायदा तिथे नव्हता. ग्राहकाला आणि कंपनीला पुढच्या वर्षी काय असेल हे माहीत होतं.

माझी गाडी कंपनीला हे माहीत नसण्यातून जन्मली. इंजिनही ठेवायचं, मोटरही ठेवायची, नियम ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला वळायची सोय ठेवायची. त्या अनिश्चिततेचं वजन ३१० किलो आहे आणि ते मी रोज वाहते. सर्व्हिसिंगही दोन्हींचं करावं लागतं. तेल, फिल्टर, स्पार्क प्लग आहेतच, शिवाय बॅटरी थंड ठेवणारं द्रव आहे. ब्रेक मात्र फार टिकतात, पहिले पॅड अजून निम्मे आहेत, कारण बहुतेक वेळा मोटरच गाडी थांबवते. फक्त डिस्कवर गंज धरतो. आठवड्यातून एकदा रिकाम्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलला टाकून दोन-तीनदा जोरात ब्रेक दाबा, साफ होतो.

तरी मी ही गाडी घेतल्याचा पश्चात्ताप करत नाही. ५२ टक्के अंतर विजेवर गेलं. वस्तीतून, शाळेसमोरून, दवाखान्यासमोरून जाताना ती धूर सोडत नाही. लांबच्या प्रवासात मला चार्जर शोधावा लागला नाही.

घ्यायची की नाही असं विचारणाऱ्यांना मी आधी तीन गोष्टी विचारते. रोज रात्री गाडी उभी राहते तिथे प्लग आहे का? रोजचं जाणं-येणं छापील पल्ल्याच्या दोन तृतीयांशांत बसतं का? महिन्यातून दोनदा तरी असा लांबचा प्रवास होतो का, जिथे चार्जरची खात्री नाही? तिन्हींना हो असेल तर घ्या, आणि शक्यतो नव्या पिढीतली, ८०-१०० किलोमीटरची, फास्ट चार्जिंगवाली घ्या. प्लग नसेल तर साधी हायब्रिड घ्या, जी ब्रेकमधून आणि इंजिनातूनच स्वतःला भरते. ती हलकी असते आणि तिचा छापील आकडा रस्त्यावर बराच जवळ येतो. लांबचा प्रवास क्वचितच असेल तर सरळ विजेची घ्या. दोन यंत्रणा सांभाळायची गरज नाही. एखाद्याला करसवलत मिळते म्हणून प्लग-इन घ्यायची असेल तर ती सवलत कुठल्या तारखेपर्यंत आहे हे लेखी विचारा.

बॅटरीच्या तब्येतीचा आकडाही मागा. युरो ७ मध्ये नव्या मॉडेलांना २०२६ च्या नोव्हेंबरअखेरपासून बंधन घातलेलं आहे: पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटरपर्यंत ८० टक्के क्षमता, आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजारांपर्यंत ७२ टक्के. माझी गाडी त्याआधीची आहे, तिला फक्त कंपनीची आठ वर्षांची वॉरंटी आहे. दर जानेवारीत, एकाच तापमानाच्या आसपास, मी बॅटरी पूर्ण उतरवते आणि पुन्हा पूर्ण भरताना मीटर लावून मोजते. पहिल्या वर्षी साडेदहा युनिटं बसत होती, यंदा ९.७. म्हणजे ९२ टक्के. वापरात फरक जाणवत नाही, पण थंडीतल्या त्या शेवटच्या किलोमीटरांत एकाची भर पडली आहे. पुढच्या जानेवारीत पुन्हा मोजेन आणि आकडा इथेच लिहीन.